मदत हवी आहे: दुर्बिणीचं कोलिमेशन करूनही तारे वाकडेच

गच्चीकर
तीन रात्री वाया गेल्या. लेझर लावून कोलिमेशन (आरसे एका रेषेत आणणं) केलं, ठिपका आरशावरच्या कडीच्या बरोब्बर मध्ये, तरी अभिजितचा तारा गोल दिसत नाही. शनिवारी वांगणीला आकाश बघायला जायचंय. सेकंडरीचा (छोट्या तिरक्या आरशाचा) कुठला स्क्रू फिरवू तेवढंच सांगा. लेझर घ्या म्हणू नका, आहे.

नाना डॉबवाले
गोल नाही म्हणजे कसा? अंडं, शेपूट की त्रिकोण? दुर्बीण कुठली? मधोमध आणल्यावरही तसाच, की फक्त कडेला? एफ/५ (फोकल लांबी आरशाच्या व्यासाच्या पाचपट) असेल तर कडेच्या ताऱ्यांना शेपूट येणारच, तो कोमा. कोलिमेशनने जात नाही.

चेशायर
लेझरच तिरका असेल. फोकसरमध्ये (डोळ्याजवळचं भिंग बसतं त्या नळीत) गोल फिरवा, ठिपका आरशावर चक्कर मारतो का बघा. म्हणून मी म्हणतो, चेशायर (लेझरऐवजी डोळ्याने बघून आरसे जुळवायची नळी) वापरा.

लालठिपका
झालं सुरू! अंधारात चेशायरमधून काय कप्पाळ दिसतं? ध्रुवावर स्टार टेस्ट (फोकस बिघडवून ताऱ्याभोवतीच्या कड्या गोल आहेत का बघणं) करा, तो हलत तरी नाही.

चेशायर
पुण्यातून ध्रुव साडेअठरा अंशांवर. तिथे हवाच इतकी उकळते की कड्या मोजून दाखवा.

गच्चीकर
आठ इंची डॉब (आरशाची दुर्बीण), फोकल लांबी १२०० मिमी. ठिपका फिरत नाही. तारा मधोमधच होता. स्क्रूचं कोणी सांगेल का?

सह्याद्री७७
दोन प्रतिमा दिसत असतील तर आतला प्रिझम हललाय, दुरुस्तीला द्या.

नाना डॉबवाले
ते बायनॉक्युलरचं हो. गच्चीकर, आकार?

मृण्मयी
चष्मा आहे का? डोकं तिरकं करून बघा. आकारही फिरला तर दोष डोळ्याचा.

सातवीतलीची आई
अवांतर: लेकीसाठी पहिली दुर्बीण कुठली घेऊ?

लालठिपका
अर्धा मीटर नळीवर १००० मिमी लिहिलं असेल तर घेऊ नका. अशीच्या फोकसरमध्ये जादा भिंग असतं, लेझरने कोलिमेशन करताना डोकं फिरतं.

गच्चीकर
त्रिकोण. फोकस बिघडवला तरी तीन कोपरे. चष्मा नाही. दिवाळीआधी आरसा धुतला होता, पण नीट घट्ट बसवलाय.

नाना डॉबवाले
घट्ट! अहो, हे आधी सांगायचं. तीन क्लिपा आरशाला चिमटा घेतायत. सेकंडरीला हात लावू नका. क्लिपा आणि काच यांच्यामध्ये कागद सरकेल इतक्या सैल करा, मग प्रायमरीच्या (मोठ्या आरशाच्या) मागच्या नॉबने कोलिमेशन पुन्हा.

चेशायर
सहमत. (नाइलाजाने.)

गच्चीकर
केलं. त्रिकोण गेला! पण तारा पाण्याच्या तळाशी असल्यासारखा थरथरतोय. आता कुठला स्क्रू?

नाना डॉबवाले
दुर्बीण बाहेर काढून किती वेळ झाला?

गच्चीकर
दहा मिनिटं.

मृण्मयी
पाऊण तास जाऊ द्या, आरसा गार होऊ दे. आणि स्लॅब दिवसभर तापलेला असतो. खाली चटई तरी टाका.