'नालायक वाटणं हीच नम्रता'? सपशेल अमान्य

मोहरीचा दाणा:
'जुना मळा' यांची पोस्ट: 'आपण नालायक आहोत असं ज्याला रोज वाटत नाही, त्याला कृपा कळलेलीच नाही.' वर उपाय काय, तर रोज रात्री वहीत दिवसभराच्या पापांची यादी. असल्या सल्ल्यांनी चांगली माणसं झिजतात, म्हणून लांबलचक लिहितोय.

पश्चात्तापाला काहीतरी नेमकं लागतं. काय केलं, कुणाचं नुकसान झालं, ते कसं भरून द्यायचं. बायबलमधला जक्कय घ्या, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला (लूक १९). अर्धी मालमत्ता गरिबांना, लुबाडलेल्याच्या चौपट परत. हिशेब मिटला. 'मी किती नीच' म्हणत तो बसून राहिला नाही. स्वतःच्या तिरस्काराचं उलट असतं. त्यात रक्कम नाही, घेणारा नाही, त्यामुळे तो फिटतच नाही.

आणि रात्रीचं आत्मपरीक्षण करायचंच तर पूर्ण करा. संत इग्नेशियस (जेझुइट संघाचा संस्थापक) याच्या पद्धतीत पाच टप्पे आहेत: आभार, प्रकाशासाठी विनंती, दिवसाची उजळणी, क्षमायाचना, उद्याचा निर्धार. लोक पहिले दोन गाळून थेट तिसऱ्यावर उडी मारतात आणि तिथेच रुतून बसतात. आभाराशिवाय उजळणी म्हणजे नुसती उलटतपासणी.

जुना मळा:
हल्ली सगळीकडे 'स्वतःवर प्रेम करा' चाललंय, त्यात तुमची भर. प्रेषित पौल स्वतःला पापी लोकांत मुख्य म्हणतो (१ तीमथ्य १:१५). येशूच्या दाखल्यातला जकातदार मंदिरात ऊर बडवून दया मागतो. यादी नसली की माणूस 'आपण सगळेच पापी' असं मोघम बोलून मोकळा होतो. वही त्याला बोट ठेवायला लावते.

तिसरा कोंबडा:
जकातदाराची प्रार्थना एका ओळीची आहे. यादी कुठे आहे तिच्यात? आणि तो नीतिमान ठरून *घरी गेला*. काही राहिलं का बघायला मंदिरात परत आला नाही.

खरं मूळ वेगळंच आहे: कन्फेशन, म्हणजे धर्मगुरूपुढे पापं सांगून क्षमा घेण्याची कॅथलिक प्रथा. पापं मोजून सांगायला लावलं की दुसरं काय होणार?

उंबरठा:
आलं! विषय कुठलाही काढा, गाडी कन्फेशनवर घसरणारच. कॅथलिक चर्चची ट्रेंट परिषद, १५५१: नीट आठवून जी गंभीर पापं ध्यानात येतील तेवढी सांगायची. लहानसहान नाही सांगितली तरी चालतात. प्रामाणिकपणे विसरलेली त्याच क्षमेत येतात. सक्ती वर्षातून एकदा, तीही गंभीर पाप असेल तर. न वाचता ठोकायची सवय सोडा.

तिसरा कोंबडा:
वाचलंय. पापाच्या प्रकारासोबत संख्याही सांगायची, हे कॅथलिक चर्चच्या कायद्यात आहे (कॅनन ९८८). हळव्या मनाच्या माणसाला संख्या विचारा, तो आठ वेळा की नऊ वेळा यात रात्र काढेल. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा ल्यूथर मठात असताना तासन् तास कन्फेशन करायचा आणि बाहेर पडला की राहिलेलं आठवायचं.

उंबरठा:
त्याच ल्यूथरच्या लोकांनी कन्फेशन ठेवलं, हे सोयीस्कर विसरलात! त्यांचा ऑग्सबर्गचा विश्वासनामा, १५३०, कलम ११: खाजगी पापक्षमा राहावी, फक्त एकूण एक पाप मोजायची गरज नाही. आणि कन्फेशन नसलं की रोग नसतो? मग सतराव्या शतकातला इंग्रज प्रोटेस्टंट लेखक बन्यन कोण होता? 'ख्रिस्ताला विकून टाक' हा विचार त्याच्या डोक्यातून हटेना. तो काही कॅथलिक नव्हता.

तिसरा कोंबडा:
बरं, बन्यन तुमचा. ऑग्सबर्गही तुमचं. झालं समाधान?

मार्थाची बाजू:
तुमचं संपलं असेल तर कामाचं बोलूया. या अति पापभीरूपणाचा, पाप नसतानाही ते शोधत बसण्याचा, एक ठरलेला फेरा असतो. क्षमा मागितली, पण मनापासून मागितली का? प्रार्थनेत लक्ष उडालं, मग पहिल्या ओळीपासून पुन्हा. पुन्हा म्हटल्यावर जरा वेळ बरं वाटतं आणि मन शिकतं की आपण तपासलं म्हणून वाचलो. पुढची शंका आणखी जोरात येते.

फेरा तोडायचे जुने नियम: सल्ला एकाच धर्मगुरूचा किंवा पाळकाचा, दहा जणांना विचारत फिरायचं नाही. एकदा सांगितलेलं पाप परत सांगायचं नाही. शपथेवर सांगता येईल इतकी खात्री नसेल तर ते पाप धरायचं नाही. प्रार्थना अडखळली तरी मागे न जाता पुढे म्हणायची.

रोजचे तास यातच जात असतील तर तो ओसीडी, म्हणजे नको ते विचार आणि तपासण्या पुन्हा पुन्हा करायला लावणारा मानसिक आजार, असू शकतो. 'एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन' या उपचारात शंका येऊ देतात आणि तपासणं थांबवतात. धर्माला नेमकं किती अपेक्षित आहे, हे धर्मगुरू आणि थेरपिस्टनी मिळून आधीच ठरवलेलं बरं.

जुना मळा:
म्हणजे पाप आता दवाखान्यात! तुमच्याच इग्नेशियसने लिहिलंय की अशी शंका आत्म्याला लाभदायक असते.

मोहरीचा दाणा:
'काही काळ' हे दोन शब्द गिळलेत. गवताच्या दोन काड्यांचा क्रूस पडलाय, त्यावर चुकून पाय पडला आणि माणसाने स्वतःच ठरवलं की पाप झालं. याला तो शंका म्हणतच नाही, चुकीचा निवाडा म्हणतो आणि टाकून द्यायला सांगतो. पुढेच आहे: मन हळवं असेल तर शत्रू (सैतान) ते आणखी हळवं करतो, म्हणून उलट दिशेने जायचं.

मार्थाताई, नियम नुसते सांगून भागत नाही हेही खरं. स्पेनमधल्या मनरेसात कन्फेसरने (कन्फेशन ऐकणाऱ्या धर्मगुरूने) खुद्द इग्नेशियसला बजावलं होतं, मागचं फक्त अगदी स्पष्ट असेल तेच सांग. त्याला सगळंच स्पष्ट वाटायचं! जीव द्यावा असं वाटेपर्यंत गेलं. मागचं काहीच पुन्हा सांगायचं नाही असं ठरवलं, तेव्हा सुटला.

जुना मळा:
ठीक. हळव्या माणसाने यादी करू नये. पण बेफिकीर माणसाने करावी, एवढं तरी माना.

मार्थाची बाजू:
मानलं. पण तुमची पोस्ट वाचून आज रात्री वही कोण उघडणार? बेफिकीर तर नक्कीच नाही.

तिसरा कोंबडा:
कन्फेशनच्या संख्येचं उत्तर अजून आलेलं नाही.

उंबरठा:
वेगळा धागा काढा.