नाल काढली, आता घोडी खडीवर अडखळते

प्रश्न: मारवाडी घोडी, वय ७. पुढच्या पायांची नाल काढून ३ आठवडे झाले. मातीत छान चालते, खडीवर मात्र आखडते. खुराच्या कडाही तुटतायत. तळवा तासून सपाट करू का?

उत्तर १: तळव्याला सुरी अजिबात लावू नका! तोच पातळ आहे म्हणून खडे टोचतायत. कडा तुटतात त्या खिळ्यांच्या जुन्या भोकांपाशी. खुराची भिंत, म्हणजे बाहेरचं कडक कवच, महिन्याला साधारण ६ ते १० मिमी वाढते, म्हणजे भोकं खाली सरकून जायला काही महिने लागणारच. तोवर दर ४ आठवड्यांनी कानशीने बाहेरची कड खालून ४५ अंशांत गोल करा. धारदार कड राहिली की दगडावर उचकटते आणि चीर वर चढते. खडीवर नेताना हूफ बूट (खुरावर चढवायचे बूट) घाला, त्यात कमीपणा काही नाही.

उत्तर २: पाऊल टेकताना आधी टाच टेकते की पुढचं टोक? टोक आधी टेकत असेल तर खुराचा मागचा भाग दुखतोय. तळव्यातल्या रबरासारख्या त्रिकोणाची मधली खाच बघा. काळा, घाण वासाचा चिकटा म्हणजे थ्रश, खूर कुजवणारा संसर्ग. रोज घासून कोरडं करा, ठाणात ओल नको. त्यावर मोरचूद लावत असाल तर जपून, जास्त झालं तर जिवंत भाग भाजतो.

उत्तर ३: गूळ-धान्य किती देता? खूर गरम आणि खुरामागची नाडी जोरात उडत असेल तर कानस बाजूला ठेवा, पशुवैद्यांना आजच बोलवा. तो लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या थराची सूज, असू शकतो; गूळ-धान्य जास्त झालं की तो होतो.