शब्दचर्चा : 'फ्री एजंट' म्हणजे नेमका कोणापासून मोकळा?

मधुरा_फिली
आमच्या मंडळाच्या अंकासाठी अमेरिकी फुटबॉलवर लेख लिहिते आहे आणि एका शब्दापाशी गाडं अडलंय: 'फ्री एजंट', म्हणजे करार संपून दुसऱ्या संघात जायला मोकळा झालेला खेळाडू. २०२४च्या मार्चमध्ये, म्हणजे हंगाम संपल्यावर, फिलाडेल्फिया ईगल्सनी बाहेरचे कोणते खेळाडू घ्यायचे हे कसं तोललं असेल, असा विषय आहे. सेक्वॉन बार्कलीला घेतलं तीन वर्षांसाठी, ३ कोटी ७७ लाख ५० हजार डॉलरला. ब्राइस हफला तीन वर्षांसाठी सुमारे ५ कोटी १० लाख. आणि झॅक बॉनला एका वर्षासाठी अवघे ३५ लाख. पुढे काय झालं ते इथल्या फुटबॉलवाल्यांना पाठ असेल: बार्कली त्या हंगामात २००५ यार्ड धावला, बॉन ऑल-प्रो झाला (हंगामातल्या सर्वोत्तमांच्या संघात निवडला गेला), आणि तिघांत महाग असलेल्या हफच्या नावावर अडीच सॅक (चेंडू फेकणाऱ्याला फेकण्याआधीच पाडणं).

मसुदा सांगलीला बाबांना पाठवला. त्यांचा प्रश्न: "हे एजंट फुकट का काम करतात?" बरोबरच आहे, आपल्याकडे फ्री म्हणजे एकावर एक, आणि एजंट म्हणजे विम्याचा नाहीतर आरटीओच्या दारातला. शिवाय या खेळाडूंचे खरेखुरे एजंटही असतातच, ते लेखात येतातच.

'मुक्त खेळाडू' केलं. पण पुढच्याच परिच्छेदात 'रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट' आला. 'निर्बंधित मुक्त खेळाडू' लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. सुचवा काहीतरी.

शनिवारपेठी
करारमुक्त खेळाडू. विषय संपला. मराठीत शब्द असताना फ्री एजंट, फ्री एजंट काय लावलंय?

मधुरा_फिली
काका, तो आधी माझ्याही मनात आला होता. पण कर्जमुक्त, कार्यमुक्त, रोगमुक्त... या सगळ्यांत कोणीतरी किंवा कशाने तरी सोडवलेलं असतं. 'करारमुक्त' वाचून लोकांना वाटेल संघाने त्याला काढून टाकलं. इथे तो फरक महत्त्वाचा आहे. मुदत संपून सुटलेला खेळाडू दुसरीकडे गेला तर जुन्या संघाला पुढच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) भरपाईची निवड मिळू शकते. संघानेच मध्येच काढलेल्याबद्दल मिळत नाही. त्यामुळे माणूस घेताना व्यवस्थापक हेही पाहतो की तो कोणत्या वाटेने बाजारात आलाय. बार्कली, बॉन दोघंही मुदत संपलेले.

चकवा
फ्री एजंटच ठेवा हो. ज्यांना ड्राफ्ट कळतो, सॅक कळते, त्यांना फ्री एजंटही कळेल. आयपीएलने 'राइट टू मॅच' घराघरात पोचवलं, कोणी 'समतुल्य बोलीचा हक्क' म्हणत बसलं नाही. आणि तुमचा रिस्ट्रिक्टेडवाला तोच तर आहे. दुसऱ्याने बोली लावली की जुन्या मालकाने तेवढीच रक्कम देऊन राखायचं.

चौथा_डाउन
चकवा, अर्धं बरोबर. तीन हंगाम जमा झालेल्या आणि करार संपलेल्या खेळाडूला संघ एक प्रस्ताव देऊन अडवून ठेवू शकतो. मग त्याला दुसऱ्या संघाचा देकार आला तर जुन्या संघाला पाच दिवस मिळतात, तेवढंच देऊन राखा किंवा सोडा. चार हंगाम झाले की पूर्ण मोकळा. (हंगाम 'जमा' होण्यासाठी किमान सहा सामने पूर्ण पगारी यादीत असावं लागतं.) तीनपेक्षा कमी असतील त्यांचं नाव तर आणखी गमतीचं: 'एक्स्क्लुझिव्ह राइट्स फ्री एजंट'. जुन्या संघाने किमान पगाराचा प्रस्ताव ठेवला की दुसऱ्या कोणाशी बोलताही येत नाही. नावात फ्री, पण हलायची सोय नाही.

पण आयपीएलचा लिलाव वेगळा. तिथे हातोडा पडेल तिकडे जायचं. इथे चार संघांनी विचारलं तर कुठे जायचं ते खेळाडू ठरवतो, कमी पैशात घराजवळही जाऊ शकतो. बार्कली वाढला पेनसिल्व्हेनियातच.

शनिवारपेठी
पाच दिवसांत तेवढीच किंमत देऊन राखायचा हक्क? त्याला आपल्या कायद्यात अग्रक्रयाधिकार म्हणतात. जमिनीच्या व्यवहारात पूर्वी शेजाऱ्यालाही असायचा तो. जुन्या कागदांत हक्कशुफा. म्हणजे शब्द आहे, आपण वापरत नाही.

चकवा
'अग्रक्रयाधिकाराधीन करारमुक्त खेळाडू'. अंकाची पानं वाढवा मग.

कारकी
थोडं आडवळण घेतो. इंग्रजीतला हा 'एजंट' दलाल नाही, करणारा. तत्त्वज्ञानात जो स्वतःच्या इच्छेने कृती करतो तो फ्री एजंट, तिथून तो बेसबॉल-फुटबॉलमध्ये आला. आणि मंडळी, पाणिनीने कर्त्याची व्याख्याच तशी केली आहे: 'स्वतन्त्रः कर्ता' (१.४.५४). जो स्वतंत्र तोच कर्ता. म्हणजे फ्री एजंट ही पाणिनीच्या दृष्टीने द्विरुक्ती आहे. मुदत चालू असलेला खेळाडू कर्ताच नव्हे, फार तर कर्म, कारण संघ त्याची अदलाबदल करतो, त्याला विचारतोच असं नाही.

मधुरा_फिली
कारकी, हे फार आवडलं. लेखात वापरता येणार नाही, पण आवडलं.

इतिहासवेडा
शिलेदार! कोणालाच कसं सुचलं नाही? स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं, ज्याची चाकरी पटेल त्याच्याकडे. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. ड्राफ्टमधून आलेला पोरगा बारगीर, चार वर्षं झाली की शिलेदार. बॉन हा अस्सल शिलेदार: न्यू ऑर्लिन्समध्ये त्याला बहुतेक स्पेशल टीम्सवर (किकच्या वेळच्या तुकड्यांत) आणि कडेला वापरलं, फिलीत बचावाचा प्रशिक्षक विक फँजिओने आत, मधल्या लाइनबॅकरच्या (बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या) जागी उभा केला आणि गडी १५१ टॅकल करून गेला. घोडा तोच, फौज बदलली.

शनिवारपेठी
शिलेदार मराठी आहे हे कोणी सांगितलं? सिलाह अरबी, दार फारसी. बारगीरही फारसीच.

इतिहासवेडा
पेठेत राहून 'पेठ' कुठून आली ते आधी पाहा. आणि हक्कशुफा काय ज्ञानेश्वरीतला आहे?

वऱ्हाडी_मिरची
काहून भांडता बाप्पा. ह्याले आमच्याकडे साधा शब्द आहे. सालगडी. साल भरलं का गडी मोकळा. पाडव्याले मालकाचा हिशेब होते, मंग गडी त्याच घरी रायते नाहीतर दुसऱ्याच्या वाड्यावर जाते. तुमचं ते लीग इयर, करारांचं वर्ष, बी मार्चच्या मध्यातच बदलते ना? पाडव्याच्या आगेमागेच झालं. आन् पाडव्याच्या आधी चांगल्या गड्यावर गावभर डोळा राहते, हेबी तसंच. मोकळा झालेल्या गड्याले आमच्याकडे नुसतं 'सुटला' म्हन्तेत. 'रामाचा गडी यंदा सुटला.' मंग लिहा 'सुटलेला खेळाडू'.

मधुरा_फिली
'सुटलेला' बोलण्यात झकास आहे. 'बार्कली यंदा सुटला' हे वाक्य तर लगेच कळतं. छापील मजकुरात मात्र तुरुंगातून सुटल्यासारखं वाटेल का?

चौथा_डाउन
बार्कलीच्या आधीच्या संघाच्या, जायंट्सच्या, तेव्हाच्या अवस्थेकडे पाहता तेही चालेल. २०२३मध्ये त्यांनी त्याच्यावर फ्रँचाइझ टॅग लावला होता, सुमारे १ कोटी डॉलरचा, एका वर्षासाठी. टॅग म्हणजे काय, तर करार संपलाय, माणूस सुटलाय, पण संघ म्हणतो अजून एक वर्ष थांब. रक्कम त्या जागेच्या पहिल्या पाच पगारांच्या सरासरीवर किंवा स्वतःच्या आधीच्या पगाराच्या १२० टक्के, जे जास्त असेल ते. २०२४मध्ये टॅग लावला नाही आणि तो थेट शेजारच्या वैऱ्याकडे गेला.

इथे मूल्यमापनाची खरी मेख आहे. रनिंग बॅकला, म्हणजे बार्कलीसारख्या चेंडू घेऊन धावणाऱ्याला, सत्ताविशीनंतर मोठा करार देऊ नये असं बहुतेक संघ मानतात, पाय थकतात म्हणून. बार्कली तेव्हा नेमका २७चा, वर दुखापतींचा इतिहास. जायंट्सनी कागदावर बरोबरच हिशेब केला होता. ईगल्सनी वेगळा प्रश्न विचारला: आमच्या या आक्रमक फळीमागे, म्हणजे समोर इतकी मोठी दारं उघडून देणाऱ्या माणसांमागे, हा किती धावेल? माणसाची किंमत एकट्याची काढायची की आपल्या घरात बसवून काढायची, एवढाच फरक.

कारकी
'टॅग'ला काय म्हणणार मग? बिल्ला?

शनिवारपेठी
राखीव. 'राखीव खेळाडू'.

चकवा
राखीव म्हणजे बाकावर बसणारा, काका. बारावा. टॅगवाला तर संघातला सगळ्यात चांगला असतो.

धारूरकर
सालगड्याचा विषय निघाला म्हणून. त्यात गोड काही नाही. सालगड्याने साल ठरताना उचल घेतलेली असते. पोरीच्या लग्नाला, दवाखान्याला. पाडव्याला हिशेब झाला की बाकी निघते, आणि बाकी निघाली की 'सुटला' नसतो, पुढच्या सालासाठी अडकला असतो. आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांचंही तेच, मुकादमाची उचल फिटेपर्यंत माणूस त्याचा. ३५ लाख डॉलर घेणाऱ्याशी त्याची तुलना करताना जरा जपून.

वऱ्हाडी_मिरची
भाऊ, माह्या आज्यानं सालं घातली आहेत. मले शिकवू नका. मी म्हणलं शब्द चांगला आहे, जिनं चांगलं होतं असं नाई म्हणलं.

धारूरकर
मान्य. तुम्हाला उद्देशून नव्हतं, 'पाडव्याच्या आगेमागेच झालं' वाचून सगळ्यांना जी मौज वाटली असेल तिला उद्देशून होतं.

सनदीलेखापाल
उचल शब्द मात्र एका जागी चपखल बसतो, सायनिंग बोनसला. सही करतानाच एकरकमी हातात पडतो, पण संघाच्या वेतनमर्यादेत तो वर्षांवर वाटून दाखवतात, जास्तीत जास्त पाच. (२०२४ची मर्यादा २५ कोटी ५४ लाख डॉलर होती.) खेळाडूला मध्येच सोडला तर न दाखवलेला उरलेला भाग संघाच्या बोकांडी बसतो. त्याला 'डेड मनी' म्हणतात. डेन्व्हरने रसेल विल्सनला सोडलं तेव्हा दोन वर्षांत मिळून साडेआठ कोटी डॉलर असे खात्यावर आले. मधुराताई, याला 'बुडीत रक्कम' लिहू नका. बुडीत म्हणजे येणं होतं ते आलं नाही. इथे पैसे द्यायचे ते देऊन झालेत किंवा देणं बांधील आहे, खर्ची पडायचे राहिलेत.

धारूरकर
चपखल कसा? उचल फेडावी लागते. कामगार सोडून गेला तर मुकादम दारात येतो. इथे संघाने सोडलं तर पैसे खेळाडूचेच राहतात ना? मग दोर उलट्या टोकाला बांधलाय. इथे उचल देणारा अडकतो.

सनदीलेखापाल
हं. हे खरं आहे.

चौथा_डाउन
तो दोर उलटा फिरवायला बराच काळ लागला, तेही सांगतो. ईगल्सचाच माणूस होता, रेजी व्हाइट. १९८९पासून 'प्लॅन बी' नावाची योजना होती: दर संघाने ३७ खेळाडू राखायचे, उरलेले मोकळे. म्हणजे सुटायचे ते यादीतले तळाचे, चांगले अडकलेलेच. १९९२मध्ये मिनियापोलिसच्या ज्युरीने फ्रीमन मॅक्नीलच्या खटल्यात ती पद्धत मक्तेदारीविरोधी कायद्याला धरून नाही असा निकाल दिला. मग व्हाइटच्या नावाने सगळ्या खेळाडूंचा दावा, १९९३ला तडजोड, आणि व्हाइट स्वतः चार वर्षांच्या १ कोटी ७० लाख डॉलरवर ग्रीन बेला गेला. फिलीत अजून हळहळतात. त्याच तडजोडीतून मालकांनी दोन गोष्टी बदल्यात मिळवल्या, टॅग आणि वेतनमर्यादा. १९९४ला ती मर्यादा ३ कोटी ४६ लाख होती.

त्यामुळे 'मुक्त' शब्दात जे आहे ते कोर्टातून आलेलं आहे. 'करार संपलेला' लिहिलंत तर ते जाईल. करार आधीही संपत होते, माणूस सुटत नव्हता.

कारकी
म्हणजे मुक्तच हवा. निर्बंधित मुक्त हा विरोधाभास मराठीचा नाहीच, मुळातच आहे. तो तसाच येऊ द्या. हसू आलं तर येऊ द्या.

शनिवारपेठी
भाषांतरकाराचं काम विरोधाभास आयात करणं नाही.

मधुरा_फिली
तोवर आणखी एक. 'लीगल टॅम्परिंग'? नवं वर्ष सुरू होण्याआधीचे दोन दिवस, जेव्हा दुसऱ्या संघाच्या माणसाच्या एजंटशी बोलायला परवानगी असते. अधिकृत नाव वाटाघाटींचा काळ असं सोज्वळ आहे, पण सगळे टॅम्परिंगच म्हणतात.

इतिहासवेडा
कायदेशीर फितुरी!!

खान्देशकन्या
फितुरी त्याच्या बाजूने होते, जो फुटतो. फोडणारा करतो ती फूस. 'अधिकृत फूस'.

चौथा_डाउन
खान्देशकन्येला माझं मत. आणि अनधिकृत फूस महागात पडते. कर्क कझिन्सला घेताना अटलांटाच्या संघाने त्या दोन दिवसांतच एजंटला वगळून थेट खेळाडूशी बोलणं केलं, तर २०२५च्या ड्राफ्टमधली पाचव्या फेरीची निवड गेली आणि अडीच लाख डॉलर दंड.

इतिहासवेडा
फितूर मूळचा अरबी फुतूर, ढिलाई. हिंदीत त्याचा वेडेपणा झाला, मराठीत गद्दारी. एकाच शब्दाला शेजारी शेजारी असे दोन

चकवा
वाक्य अर्धं राहिलं साहेब. फितूर झालात का?

खान्देशकन्या
वर सालगड्याचं वर्ष पाडव्याला सुरू होतं असं लिहिलंय. आमच्याकडे सालदार म्हणतात आणि साल आखाजीला बदलतं, अक्षय्य तृतीयेला. पाडवा नाही.

वऱ्हाडी_मिरची
पाडवाच. आमच्या पाच गावात विचारा.

खान्देशकन्या
तुमच्या पाच गावात असेल. चोपडा-अमळनेर पट्ट्यात आखाजीच. सालदाराला त्या दिवशी मालकाकडे जेवण, आणि नव्या सालाची बोलीही तेव्हाच. आणि सालगडी वेगळा, महिनदार वेगळा, ते एकत्र करू नका.

धारूरकर
आमच्याकडे पाडवा. पण कापडचोपड सालाच्या बोलीत धरायचं की वेगळं, यावर दर गावात निराळं उत्तर मिळेल.

वऱ्हाडी_मिरची
धरतेतच. दोन धोतरं आन् एक घोंगडी. नाई धरली तर गडी येतेच काहून?