बाजारपेठेतल्या कौलारू घरांना अडगळ म्हणणाऱ्यांसाठी

मेढ्यातली
काल इथे एकाने लिहिलं होतं: "मालवण बाजारपेठेतली जुनी कौलारू घरं आणि फळ्यांची दुकानं म्हणजे अडगळ. सरळ पाडा, रस्ता रुंद करा, पर्यटकांना गाड्या लावायला जागा होईल." खाली अंगठ्यांची रांग लागली होती. रात्री झोप आली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

ही घरं कोणी शोभेसाठी बांधली नव्हती. इथे पावसाळ्याचे चार महिने धो धो पाऊस कोसळतो, म्हणून छपराची पाखं उतरती आणि वळचण भिंतीच्या हातभर पुढे. चिरा, म्हणजे जांभा दगड, खाणीतून काढताना मऊ असतो, वाऱ्यावर घट्ट होत जातो. चुन्यात बांधला तर ओल घेतो तशी सोडतोही. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि वर ऑइलपेंट फासला की ओल आत कोंडते, पोपडे सुटतात. मग आपण म्हणतो, घर जुनं झालं!

आमच्या आजोबांच्या दुकानाला, बंद करताना दारात एकेक करून बसवायच्या, 11 फळ्या होत्या. प्रत्येकीच्या आतल्या बाजूला पटाशीने कोरलेला आकडा. पावसात त्या फुगायच्या, आणि सहाव्या जागी सातवी घातली तर अर्ध्यावरच अडायची. मी आठ वर्षांची असताना आजोबा शेवटची फळी मला लावू द्यायचे. ती बसली की तळहाताने वर एक थाप मारायची. दिवेलागणीनंतर तो थापांचा आवाज पेठेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू यायचा. ही अडगळ?

भरडावरचा दुकानदार
ताई, आठवण छान आहे. पण फळी तुम्ही एकच लावलीत. मी 22 वर्षं रोज दोन वेळा 12 फळ्या उचलल्या. कंबरेचा मणका सरकला. शटर बसवलं, त्याची मला लाज वाटत नाही.

आणि ओलीचं खरं कारण रस्त्यात आहे. दर दोन-तीन वर्षांनी जुन्या डांबरावर नवं डांबर. खरवडून कोणी काढत नाही. माझ्या वडिलांच्या वेळी दुकानात शिरायला दोन पायऱ्या चढाव्या लागत. आता उंबरा रस्त्याच्या बरोबरीला आलाय. मिरगाच्या पहिल्या सरीला गटार आत. तांदळाची पोती गेली तेव्हा चिरा श्वास घेतो हे ऐकायला कोणाला वेळ होता?

डोंबिवलीचा चाकरमानी
पेठेत आमचंही घर आहे, म्हणून बोलतो. पुढे भाड्याने दिलेलं दुकान, मागे बंद घर. प्रॉपर्टी कार्डावर 14 नावं, त्यातले तिघे वारलेले. दुकानाचं भाडं महिना 45 रुपये. 1999 च्या भाडे कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढ मिळते, म्हणजे एक रुपया ऐंशी पैसे. कौलं परतायला, म्हणजे उतरवून पुन्हा नीट बसवायला, येणारा गडी दिवसाला 900 घेतो, जेवण वेगळं. घर जपा म्हणणाऱ्यांनी आधी हा हिशोब जुळवून द्यावा.

भरडावरचा दुकानदार
त्याच कायद्यात दुरुस्ती मालकाने करायची असंही लिहिलंय, ते बरं विसरलात. मीही भाडेकरूच आहे. आमच्या मालकाला मी पाच वर्षं सांगतोय, आढ्याला, छपराच्या मधल्या तुळईला, वाळवी लागली आहे. उत्तर नाही. पडू दे, म्हणजे भाडेकरू आपोआप जाईल, हाच तुमचा सगळ्यांचा बेत असतो.

डोंबिवलीचा चाकरमानी
मला ओळखत नसताना बेत कसला काढता? माझी आई त्या घरात शेवटपर्यंत राहिली. गळतीखाली पातेली ठेवून झोपायची. तोंड सांभाळून लिहा.

कांदळगावकर
ह्या सगळा खरा, पण माकडांचा कोण बोलतलो? आमच्या घराची एका वर्सात अडीचशे कौलां फोडली. नळे परतूक माणूस गावना नाय. शेवटी पत्रे घातले. शौक म्हणान नाय घातले.

देऊळवाडा
अगदी! आमच्याकडे वानरांची 20-25 जणांची टोळी येते. माडावरून थेट पाख्यावर उडी. वडील फटाके लावायचे, पहिल्या आठवड्यात पळाली, नंतर त्यांना सवय झाली. कौलांवर जाळी टाकली तर तिच्यात पाचोळा अडकून पाणी तुंबतं आणि उलटं आत येतं.

कांदळगावकर
कुत्रो पाळून बघितलो. कुत्रो खाली भुकता, माकडा वरसून कौलां मारतत.

धुरीवाडा
आम्ही वाशांवर आधी पत्रा आणि त्याच्यावर कौलं बसवली. कौल फुटलं तरी घर गळत नाही. खर्च जास्त झाला, पण 2021 च्या तौक्ते वादळात शेजारच्यांचे नुसते पत्रे उडून माडात अडकले, आमची थोडीच कौलं गेली.

देऊळवाडा
पत्रा कोणता? खाऱ्या वाऱ्याला किती वर्षं टिकला?

धुरीवाडा
रंगीत, जाड. सात वर्षं झाली. कडेच्या स्क्रूंना गंज धरला, तेवढे बदलले.

मेढ्यातली
धागा माकडांनी नेला खरा, पण धुरीवाड्याचं म्हणणं मोलाचं आहे. असा मधला मार्ग निघतो. पाडा म्हणणारे स्लॅबचा आग्रह धरतात. आमच्या मामांनी 1994 मध्ये माडी उतरवून स्लॅब घातला. समुद्र हाकेच्या अंतरावर. सळ्या गंजून फुगल्या, आणि तीन वर्षांपूर्वी स्वयंपाकघरात छताचा तुकडा चुलीशेजारी पडला. मामी तेव्हा तुळशीला पाणी घालायला गेली होती म्हणून वाचली. त्याच्या शेजारचं शंभरी ओलांडलेलं घर मात्र उभं आहे, कारण तिथले काका दर वैशाखात स्वतः वर चढतात.

पणजीकर
आमच्या पणजीतल्या जुन्या फोंतेन्यास वस्तीत घरं जपली गेली, रंगही राखले गेले. आता पहाटेपासून लग्नाआधीची फोटोशूटं लोकांच्या दारात. म्हाताऱ्या बाईला स्वतःच्या पायरीवर बसता येत नाही. घरं राखायची तर राहणाऱ्यांसाठी राखा. पर्यटकांच्या नावाने पाडायची नाहीत, आणि त्यांच्या नावाने रंगवायचीही नाहीत.

भरडावरचा दुकानदार
हे पटलं. मेढ्यातल्या ताईंचं स्लॅबचंही पटलं, नाइलाजाने. माझ्या भावाच्या घरी हेच झालं. पण रस्ता आधी खरवडून खाली आणा, मगच जपणुकीची भाषा मला सांगा. तेवढं झालं तर माझ्या दुकानावरची कौलं मी पदरच्या पैशाने परतून घेतो. आढ्याचा खर्च मालकाने करावा.

डोंबिवलीचा चाकरमानी
तुमचा मालक मी नाही. पण माझ्या भाडेकरूने असं म्हटलं तर मी आढं घालीन. सह्यांचंच अडतं. 14 पैकी एक पुण्याला, एक मस्कतला, दोघे एकमेकांशी बोलत नाहीत.

मेढ्यातली
गणपतीला किती येतात?

डोंबिवलीचा चाकरमानी
आठ-नऊ. आरतीला सगळे एका ओटीवर असतात.

मेढ्यातली
मग वारसनोंदीचे अर्ज आधीच भरून ठेवा आणि तिथेच सह्या घ्या. आमच्या पाच चुलत्यांचं असंच जमलं, दुसऱ्या वर्षी. पहिल्या वर्षी भांडणच झालं.

डोंबिवलीचा चाकरमानी
बघतो. अर्ज कोणता लागतो ते तेवढं कळवा.