उदगीर: पॅकिंग शेडच्या कोब्याला एका डब्याचा फ्लोअर पेंट टिकेल का?

डाळ_आणि_चुनी
नमस्कार मंडळी. डाळमिलला लागून 20 × 30 फुटांचं पत्र्याचं पॅकिंग शेड आहे. कोबा मागच्या ऑगस्टमधला. खाली मुरूम, त्याखाली काळी माती, मध्ये प्लास्टिक अंथरलेलं नाही. मिस्त्रीने वरून कोरडं सिमेंट भुरभुरून घोटलंय. दिसायला गुळगुळीत, पण झाडलं की पांढरी धूळ निघते आणि पोत्यांना लागते. माल नायलॉन चाकांच्या हँड पॅलेट ट्रकवर हलतो. दोन डबे मिसळून लावायचं इपॉक्सी नको; इथल्या पेंटरला सवय नाही आणि एप्रिलमध्ये मिसळलेला माल बादलीतच घट्ट होतो. एका डब्यातला कोणता घ्यावा, किती लिटर लागेल? गेटचा ऑइल पेंट शिल्लक आहे, तो चालेल का?

कोबा_ते_कळस
ऑइल पेंट गेटलाच राहू द्या. कोबा क्षारधर्मी असतो. खालून ओल आली की तो क्षार ऑइल पेंटमधल्या तेलाचा साबण करतो. रंग आधी चिकट होतो, मग पोपडे.

एका डब्यात तुमच्यासाठी दोन पर्याय. पाण्यातला अॅक्रिलिक फ्लोअर पेंट: वास कमी, लावायला सोपा, थोडी वाफ आरपार जाऊ देतो. दुसरा, हवेतल्या ओलीवर पिकणारा एका डब्याचा पीयू (पॉलियुरेथेन): घासायला जास्त कडक, पण आपल्याकडे एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो रेंगाळतो, आणि दमट दिवसांत जाड हात मारला तर आतल्या गॅसने बुडबुडे धरतो. डबा उघडला की साय धरायला लागते, उरलेला माल ठेवता येत नाही. जमिनीत प्लास्टिक नाही म्हणता, मग अॅक्रिलिकच घ्या. डब्यावर ‘फ्लोअर’ लिहिलंय ना ते बघा. भिंतीचा एक्स्टिरियर पेंट जमिनीवर चालत नाही.

आता मुद्द्याचं. तुमचा रंग सुटला तर तो डब्यामुळे सुटणार नाही, त्या भुरभुरलेल्या सिमेंटमुळे सुटेल. वरची ती पापडी खालच्या काँक्रीटला घट्ट धरून नसते. रंग पापडीला चिकटतो आणि पापडीसकट निघतो. नाण्याची कड जोरात ओढून बघा: पांढरा भुगा निघाला तर घासल्याशिवाय इलाज नाही. शहाबादी फरशी पॉलिश करणाऱ्यांचं मशीन जाड दगड लावून फिरवून घ्या, खडी-वाळूचे बारीक दाणे दिसेपर्यंत. पाणी टाकून घासलं तर रबडी ओली असतानाच धुऊन काढा. वाळली की ती नवी पापडी होते. मग दोन-तीन दिवस सुकवा आणि ठिकठिकाणी पाण्याचे थेंब टाका. मिनिटभरात जिरले तर ठीक, मोत्यासारखे उभे राहिले तर तिथे पुन्हा घासा. ग्रीसचे डाग असतील तर ते घासण्याआधीच डिटर्जंटने काढा, नाहीतर दगड तेच तेल सगळीकडे पसरवतो.

ओलीसाठी दीड फूट चौरस प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने बंद करून 16 ते 24 तास ठेवा, एक तुकडा भिंतीलगत. खाली थेंब किंवा काळपट डाग दिसला तर थांबा. पण एप्रिलमध्ये ही चाचणी पास होणारच! काळी माती पावसाळ्यात भिजते आणि वाफ तेव्हा वर येते. म्हणून भिंतीलगत लोणा (ओलीबरोबर वर येणारा पांढरा क्षार) फुटलेला आहे का ते आधी पाहा. असेल तर त्या पट्ट्यात रंग देऊ नका.

हिशेब: 600 चौ. फूट म्हणजे साधारण 56 चौ. मीटर. पहिला हात 10 टक्के पाणी घालून, लिटरला 7 चौ. मीटर धरा: 8 लिटर. दुसरा 9 च्या हिशेबाने सव्वासहा. 20 ची बादली घ्या, उरलेल्यात गाडीच्या वाटेवर तिसरा हात होतो.

सिलिकेट_वाला
धूळच बंद करायची असेल तर रंग हवाच कशाला? घासून लिथियम सिलिकेटचं डेन्सिफायर मारा. ते काँक्रीटमधल्या मोकळ्या चुन्याशी जुळून वरचा थर कडक करतं, पोपडे निघायला काही उरतच नाही. रंगीत दिसणार नाही एवढंच. मात्र आधी ठरवा. डेन्सिफायर मारल्यावर वर रंग नीट धरत नाही.

डाळ_आणि_चुनी
रंग हवाय, फिक्या जमिनीवर सांडलेली डाळ आणि किडे लगेच दिसतात. पण मशीनऐवजी अॅसिडने धुतलं तर? पेंटर म्हणतो तेच स्वस्त पडेल.

कोबा_ते_कळस
शेडमध्ये पॅकिंग मशीन आणि मोटारी आहेत ना? मग नको. वाफेने लोखंड, शटर, पत्र्याचे स्क्रू सगळं गंजतं. शिवाय अॅसिड कोब्यात मुरलं आणि धुणं अपुरं पडलं तर क्षार आतच राहतात. रिकाम्या, हवेशीर जागेत ठीक: प्लास्टिकच्या बादलीत आधी चार भाग पाणी, मग त्यात एक भाग अॅसिड (उलटं कधीच नाही), फेस थांबला की घासा, खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने आणि मग साध्या पाण्याने दोनदा धुवा. तरीही पापडी जाड असेल तर अॅसिड तिला फक्त खडबडीत करतं, काढत नाही.

रोलर_9_इंच
वेळेचं कुणी बोललं नाही. सकाळी रंग मारू नका. पत्रा तापतो तसा कोबाही तापतो, छिद्रांतली हवा फुगून ओल्या रंगातून बाहेर येते आणि टाचणीएवढे फोड उठतात. संध्याकाळी सहानंतर, कोबा थंडावत असताना सुरू करा. हवा तेव्हा आत ओढली जाते. फॅन थेट जमिनीवर नको, रोलरच्या जोडाच्या रेषा दिसतात.

तळाशी बसलेला रंग काठीने उचलून ढवळा. कडा ब्रशने, बाकी आखूड लोकरीच्या रोलरने, दाराकडे मागे सरकत. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेलं अंतर पाळा. भिंतीला लावायची लांबी (पुट्टी) भेगांत भरू नका, भुगा होऊन निघते. सिमेंट-पॉलिमर मॉर्टार भरा. काळ्या मातीवरच्या हलत्या भेगा मात्र पुन्हा उघडणारच, तिथे लवचिक सीलंट घाला.

चाकांचंही बघा. दोन हातांत वाळलेली जाडी 100 मायक्रॉनच्या आतच राहते. नायलॉन चाकात अडकलेला खडा ती कापत जातो. पॅलेट ट्रकला पीयू चाकं बसवा. चालायला दुसऱ्या दिवशी, पण गाडी आणि पोती सात दिवसांनी, तीही लाकडी पॅलेटवर. डाळ वास धरते, तोपर्यंत शटर उघडं ठेवा.