प्लॅटिनमच्या घनाकृती नॅनोकणांचे कोपरे का झिजतात?

प्रश्न:
नमस्कार. पोटॅशियम टेट्राक्लोरोप्लॅटिनेटच्या द्रावणात सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट घालून व हायड्रोजन सोडून मी साधारण १० नॅनोमीटरचे घनाकृती कण तयार केले. ०.१ मोलर पर्क्लोरिक आम्लात ०.०५ ते १.२ व्होल्ट अशी विभव (व्होल्टेज) वर-खाली नेण्याची ५०० आवर्तने दिल्यावर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ते गोलसर दिसले. तितकाच वेळ १.२ व्होल्टवर स्थिर ठेवलेल्या नमुन्याचा आकार मात्र बराचसा टिकला. संदर्भ इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत विभव मोजतात तो) सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचा आहे. हा फरक कशामुळे पडत असावा?

उत्तर १:
स्थिर विभवावर पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर बसतो आणि तोच खालच्या धातूला सांभाळतो. आवर्तनात मात्र हा थर दर वेळी तयार होतो आणि दर वेळी मोडतो. विभव पुरेसा वाढला की ऑक्सिजनचे अणू पृष्ठभागाखाली शिरतात व प्लॅटिनमचे अणू वर ढकलले जातात. परतीच्या वाटेवर ऑक्साइडचे क्षपण होताना (त्यातला ऑक्सिजन निघून पुन्हा धातू बनताना) त्यांतील सगळेच अणू आपल्या जागी परतत नाहीत, काही द्रावणात निघून जातात. कोपऱ्यावरच्या अणूला घनात तीनच शेजारी असतात, घनाच्या सपाट बाजूवरच्या, म्हणजे स्फटिकशास्त्रात ज्याला (१००) म्हणतात त्या पृष्ठावरच्या अणूला आठ, त्यामुळे झीज कोपऱ्यापासून सुरू होते. वरची मर्यादा ०.९ व्होल्टवर आणून तीच ५०० आवर्तने द्या, म्हणजे ऑक्साइडचा वाटा वेगळा दिसेल.

उत्तर २:
वरील स्पष्टीकरण मला पटते, पण त्याआधी संदर्भ इलेक्ट्रोड बदलावा, असे मी आग्रहाने सांगेन. त्यातून क्लोराइड झिरपते, आणि क्लोराइड प्लॅटिनमच्या आयनांशी संकुल बांधून विरघळणे सोपे करते. शिवाय आपल्या मूळ क्षारातच क्लोराइड आहे, तेव्हा कण कितीदा धुतले हेही लिहावे. शेवटच्या धुण्याच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकल्यावर दुधाळपणा आला, तर धुणे अपुरे आहे. न आला तरी निश्चिंत होऊ नये, कारण येथे अत्यल्प क्लोराइडही पुरते. उलटगामी हायड्रोजन इलेक्ट्रोड वापरणे उत्तम.

उत्तर ३:
सूक्ष्मदर्शकाखाली मोजकेच कण दिसतात, म्हणून दर ५० आवर्तनांनंतर ०.५ मोलर गंधकाम्लात व्होल्टामोग्राम (विभवानुसार बदलणाऱ्या विद्युतप्रवाहाचा आलेख) घ्यावा. ०.३७ व्होल्टजवळचा फुगवटा रुंद (१००) पृष्ठांचा असतो, ०.२७ व्होल्टचे शिखर त्यांच्या कडा व पायऱ्यांचे. झीज सुरू झाली की पहिला आधी खचत जातो.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. कण तीनदाच धुतले होते. आता हायड्रोजन इलेक्ट्रोड लावून, नव्याने धुतलेल्या नमुन्यावर १.२ आणि ०.९ व्होल्ट अशा दोन्ही मर्यादांनी मोजणी करतो आणि दर ५० आवर्तनांचे आलेख येथेच देतो.