डेलींचं शिकागो: तुमच्या वाट्याला काय आलं?

रिचर्ड एम. डेली १९८९ ते २०११ अशी सलग २२ वर्षं शिकागोचे महापौर होते. त्यांचे वडील रिचर्ड जे. डेलीही १९५५ पासून १९७६ मध्ये खुर्चीत असतानाच निधन होईपर्यंत महापौर होते. इथल्या मराठी घरांत फराळाला चार जण बसले की हा वाद निघतोच: धाकट्या डेलींनी शहर उभं केलं, की गहाण टाकलं? वर्तमानपत्रांत सगळ्यांनीच वाचलंय. मला हवेत ते तुमचे स्वतःचे अनुभव. काय पाहिलंत, काय मिळालं, काय भरावं लागलं?

सुरुवात मी करतो. जुलै २००४ मध्ये मिलेनियम पार्क उघडलं तेव्हा आई-बाबा सांगलीहून आले होते. जिथे रेल्वेचे रूळ आणि गाड्या लावायची जागा होती, तिथे बाग झाली होती. अनिश कपूरांच्या 'बीन' या धातूच्या शिल्पावरचे सांधे अजून दिसत होते. शिल्पकार मुंबईत जन्मलेला आहे हे कळल्यावर बाबा त्या चकचकीत पत्र्यात स्वतःला निरखत अर्धा तास उभे राहिले. बाग चार वर्षं उशिरा झाली. १५ कोटी डॉलरचा अंदाज ४७ कोटींच्या पुढे गेला, त्यातला बराच भाग देणगीदारांनी उचलला. तरी मी आजही म्हणतो, ती व्हायलाच हवी होती. आजूबाजूची औद्योगिक शहरं ओस पडत असताना १९९० च्या दशकात शिकागोची लोकसंख्या वाढली. डेट्रॉइटने तर २०१३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. हा फरक मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय.

डेव्हनकर

आमचं दुकान डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवर, शिकागोतल्या देशी बाजारात. बागेचं कौतुक मलाही आहे, पण मी पार्किंग मीटरबद्दल, म्हणजे रस्त्यावर गाडी लावायचे पैसे घेणाऱ्या यंत्रांबद्दल लिहिते, कारण रोज दारातून तेच दिसतं.

डिसेंबर २००८. मंदीने महसूल आटला होता आणि बजेटला भलंमोठं भोक पडलं होतं. शहराने आपले सुमारे ३६,००० मीटर खाजगी गुंतवणूकदारांना ७५ वर्षांसाठी दिले आणि ११५ कोटी डॉलर एकरकमी घेतले. प्रस्ताव आला आणि दोन-तीन दिवसांत नगरपरिषदेत ४० विरुद्ध ५ मतांनी मंजूरही झाला. पुढच्या वर्षी शहराच्याच महानिरीक्षकांनी (कारभारावर नजर ठेवणाऱ्या अधिकाऱ्याने) हिशेब मांडला की किमान ९७ कोटी डॉलर कमी मिळाले. आलेल्या पैशातला बहुतेक डेली पायउतार होईपर्यंत बजेटची भोकं बुजवण्यात संपला.

वस्त्यांमध्ये तासाला २५ सेंट पडायचे, त्याचा आधी एक डॉलर झाला आणि २०१३ पर्यंत दोन. ज्या बायका दोन-दोन तास साड्या उलगडून बघायच्या, त्यांची नजर घड्याळाकडे जायला लागली. खरं सांगायचं तर गिऱ्हाईक त्याआधीपासूनच नेपरव्हिल, शॉमबर्ग या उपनगरांकडे सरकत होतं, तिकडे दुकानासमोर गाडी फुकट लागते. सगळा दोष मीटरच्या माथी मारणार नाही. पण सरकणाऱ्याला थांबवायचं सोडून आपणच वाट दाखवली.

रस्ते बंद ठेवल्यामुळे मीटर ठरावीक मर्यादेपलीकडे बंद राहिले, तर शहरालाच भरपाई द्यावी लागते. आपल्याच रस्त्यासाठी! गुंतवणूकदारांची मूळ रक्कम केव्हाच वसूल झाली आणि करार २०८३ पर्यंत आहे. माझा नातू चार वर्षांचा आहे. करार संपेल तेव्हा तो साठीला टेकलेला असेल.

तळ्याकाठी

मी सकाळी मिशिगन तळ्यावर चालायला जायचो. ३० मार्च २००३ च्या रात्री महापौरांनी तळ्याकाठच्या मीग्ज फील्ड या छोट्या विमानतळावर बुलडोझर पाठवले आणि धावपट्टीवर मोठे एक्स खोदले. विमानं तिथेच अडकून पडली. आज तिथे गवताळ कुरणं आहेत, पक्षी येतात, मीही जातो. जागा सुंदर झाली आहे. पण त्या सकाळी पोटात गोळा आला होता तो विसरलो नाही. कुणाला न विचारता रात्रीत एवढं करता येतं, तर मीटरचा करार दोन दिवसांत झाला याचं मला नवल वाटलं नाही.

ठाणेकर

एक शंका. आपल्याकडे महापौर अडीच वर्षांचा आणि कारभार आयुक्तांच्या हाती. तिथे ५० नगरसेवक असताना कुणी अडवत कसं नव्हतं?

धागाकर्ता

कागदावर अडवता येत होतं. पण नगरसेवकाची जागा मुदतीआधी रिकामी झाली की तिथे नवा माणूस महापौरच नेमतो. २२ वर्षांत असे किती जण त्यांच्या नेमणुकीने आले असतील, विचार करा. वॉर्डातली कामं व्हायची तर महापौरांशी गोडीत राहावं लागायचं.

मास्तरीण

१९९५ मध्ये शाळा महापौरांच्या ताब्यात आल्या. नव्या इमारती झाल्या, रंग लागले, मी तो उत्साह अनुभवलाय. त्याच वेळी राज्याच्या कायद्याने मिळालेल्या सवलतीमुळे शिक्षकांच्या पेन्शन फंडात शाळांनी दहा वर्षं आपला वाटा भरला नाही. २०१३ मध्ये, डेली गेल्यानंतर, सुमारे ५० शाळा बंद झाल्या. त्यात माझीही होती. शेवटच्या दिवशी मुलांनी फळ्यावर आपापली नावं लिहिली. ती पुसायला माझा हात धजला नाही.

निवृत्त अभियंता

शहराच्या सेवेत ३० वर्षं काढली. माझ्या पगारातून दर वेळी साडेआठ टक्के पेन्शनसाठी कापले जात, एकदाही चुकले नाहीत. शहराचा वाटा मात्र गरजेनुसार ठरत नव्हता. कामगार जेवढं भरतील त्याच्या ठरावीक पट, असं राज्याच्या कायद्यात होतं. फंडातला खड्डा वाढत गेला, तरी पट तोच. हे एकट्या डेलींचं पाप नाही, कायदे राज्याचे होते. पण २२ वर्षं ज्याच्या शब्दाला वजन होतं, त्याने या एका गोष्टीसाठी ते वापरलं नाही, ही माझी तक्रार आहे.

लोक म्हणतात, पेन्शन कापा. आम्हाला या नोकरीवर सोशल सिक्युरिटी, म्हणजे केंद्र सरकारचं म्हातारपणीचं वेतन, नाही, हे त्यांना ठाऊक नसतं. इलिनॉयच्या १९७० च्या घटनेनुसार पेन्शन कमी करता येत नाही, आणि मे २०१५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितलं. त्याच महिन्यात मूडीज या पतमानांकन संस्थेने शहराचं मानांकन 'जंक'वर, म्हणजे कर्ज देणं जोखमीचं या पातळीवर, आणलं. ऑक्टोबरमध्ये प्रॉपर्टी टॅक्स जवळपास ५९ कोटी डॉलरने वाढवायचं ठरलं, मुख्यतः पोलीस आणि अग्निशमन दलाच्या पेन्शनसाठी. नंतर आमच्या फंडासाठी पाणी आणि सांडपाण्यावर कर आला.

माझी पेन्शन वेळेवर येते, वर्षाला ३ टक्के वाढते. मुलीने शहरातच फ्लॅट घेतलाय. टॅक्सचं बिल आलं की ती फोटो पाठवते, काही लिहीत नाही. गेल्या वर्षीपासून निम्मं मी भरतो.